दुखलं की थांबायचं

देवदूतांचे हात दुखताना कुणी पाहिलेले नाहीत. युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर, छतांवर आणि रंगीत काचांवर असंख्य देवदूत हार्प वाजवत बसलेले असतात, पण एकाच्याही मनगटाला क्रेपची पट्टी नसते. बहुतेकांची नजर भलतीकडेच. वाद्य मांडीवर कसंबसं तोललेलं, खांदे कानापर्यंत चढलेले आणि मनगट अशा कोनात मोडलेलं, की खऱ्या माणसाने तसं अर्धा तास वाजवलं तर दुसऱ्या दिवशी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागेल. चित्रकारांनी हार्प शिकवणाऱ्या एखाद्या बाईंना समोर बसवून ही चित्रं काढली असती, तर निम्मा स्वर्ग खोडून पुन्हा काढावा लागला असता.

या चित्रांनी हार्पचं नाव फार चांगलं करून तिची बदनामी केली आहे. लोकांना वाटतं, हे वाद्य वाजवायला लांब केस, पांढरा झगा आणि दूरवर बघायची सवय एवढं पुरतं. प्रत्यक्षात ऑर्केस्ट्रातल्या पेडल हार्पला ४७ तारा असतात, पायाशी ७ पेडल असतात, उंची सहा फुटांच्या आसपास आणि वजन साधारण ३६ ते ४० किलो. हे झालं डोळ्यांना दिसणारं. न दिसणारी गोष्ट अशी की या सगळ्या तारा मिळून त्या लाकडी चौकटीला जवळजवळ ९०० किलोंच्या ताणाने ओढत असतात. आपली जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोंची होती. म्हणजे आख्खी मारुती, आत नवरा-बायको, दोन मुलं, सासूबाई आणि टपावर लग्नाचं सामान, एवढं सगळं त्या सोनेरी खांबाच्या भरवशावर लटकलेलं आहे, आणि शेजारी देवदूत हसतो आहे.

वाजवायला मात्र दोन हातांची मिळून आठच बोटं. करंगळी आखूड पडते म्हणून तिला या वाद्यात काम दिलेलं नाही. पण काम नसलेला माणूस घरी राहतो थोडाच? तो कामाच्या जागीच येऊन बसतो. करंगळीही तिथेच असते, आणि बाकीची चौघं राबत असताना ही ताठ उभी राहते. ती ताठली की शेजारची अनामिका ताठते, अनामिकेमुळे तळहात आखडतो, आणि तासाभराने दुखतं ते मनगट. अख्ख्या प्रकरणात करंगळीचं नाव कुठेच येत नाही. मी आयुष्य सरकारी कोषागारात काढलं असल्यामुळे ही साखळी मला ताबडतोब समजली.

आमचा या विद्येशी संबंध आला तो डब्लिनमध्ये. लेक-जावई तिथे असतात आणि नात तिथल्या शाळेत जाते. आयर्लंडचं राजचिन्हच हार्प आहे. नाण्यावर हार्प, पासपोर्टवर हार्प, सरकारी पत्रावर हार्प आणि गिनेसच्या काळ्या बिअरच्या ग्लासावरही हार्प. गिनेसवाल्यांनी आपली हार्प १८७६ सालीच ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकली होती, त्यामुळे पुढे देश स्वतंत्र झाला तेव्हा सरकारची हार्प उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. सरकार आणि दारू यांनी एकमेकांकडे पाठ फिरवल्याचं इतकं सभ्य उदाहरण मला दुसरं माहीत नाही. याच देशात २०१७ साली लिओ वराडकर पंतप्रधान झाले, ज्यांच्या वडिलांचं घराणं मालवणजवळच्या वराड गावचं. मग मिरजेच्या आजोबांच्या नातीने हार्प हातात घेतली तर त्यात नवल ते काय, असं मी सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं. तिची हार्प लहान आहे. ३४ तारांची, पेडल नसलेली. वर प्रत्येक तारेशी एक लिव्हर, तो उचलला की स्वर अर्ध्या पायरीने चढतो. ‘सी’च्या तारा लाल, ‘एफ’च्या निळ्या आणि बाकीच्या पांढऱ्या, म्हणजे तारांच्या या गर्दीत वाट चुकायला नको.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या, बोलायला गोड आणि कमालीच्या कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी नातीला जो नियम सांगितला तो ऐकून मला खुर्चीत नीट बसावं लागलं. त्या म्हणाल्या, ‘‘दुखलं की थांबायचं.’’

बस्स. पुढे ‘पण’ नाही, ‘तरीसुद्धा’ नाही, ‘सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं’ हेही नाही. वीस मिनिटं वाजवायचं, पाच मिनिटं उठून फिरायचं, परत यायचं. पंधराव्या मिनिटाला दुखलं तर पंधराव्या मिनिटाला उठायचं. मी आजवर बघितलेल्या कुठल्याही गुरूने शिष्याला उठायला सांगितलेलं नाही. बसवणं हेच गुरूचं काम असतं. हात बसतो, सूर बसतो, ताल बसतो आणि त्या नादात शिष्याचे पायही बसतात, म्हणजे नंतर मांडी सोडवायला दोन माणसं लागतात.

आमच्या मिरजेत सतारी-तंबोरे बनतात. पूर्वी तलवारी आणि शस्त्रं घडवणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात या कामात आली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या सतारमेकर गल्लीत माणसाची किंमत त्याच्या डाव्या तर्जनीवरून ठरते. तारेने पाडलेली काळी रेघ बोटावर असली की चहा येतो, नसली की फक्त पाणी. ती रेघ यायच्या आधी बोट सुजतं, फुटतं, पुन्हा सुजतं. हे सांगताना सतारिये असे खुलतात की ऐकणाऱ्याला आपल्या धडधाकट बोटांची लाज वाटावी. पडद्यांवरून तार ओढून मींड काढताना पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी येतं, आणि हे पाणी आनंदाचं असतं अशी नोंद आपल्याकडे नंतर केली जाते.

आणि गोष्टी तरी किती! कुणी शेंडी छताच्या कडीला बांधून रियाज केला, कुणी चाळीस दिवसांचा चिल्ला धरून खोलीबाहेर आलं नाही, कुणाच्या तबल्याच्या शाईवर रक्त दिसलं तेव्हा गुरुजींनी प्रथमच ‘ठीक’ म्हटलं. प्रत्येक मोठ्या कलावंताच्या चरित्रात तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात बोटातून रक्त येतंच. न आलं तर संपादक परत पाठवत असावा. या सगळ्या गोष्टी मी नातीला सांगायच्या ठरवून आलो होतो. पहिली गोष्ट ऐकून ती म्हणाली, ‘‘आजोबा, मग त्यांना डॉक्टरकडे का नाही नेलं?’’

दुखणं हा आपल्याकडे नुसता त्रास नसतो, ती पदवी असते. संगीताचंच नव्हे, कशाचंही बघा. मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर ज्याला काहीच दुखत नाही त्याला बोलायची संधी मिळत नाही. फ्रोझन शोल्डरवाल्याला स्पाँडिलायटिसवाला नमस्कार करतो, आणि मणक्याचं ऑपरेशन झालेला आला की दोघंही सरकून जागा देतात. कामाने हात दुखला तर काम झालं, नाहीतर नुसता वेळ गेला, हा हिशेब आपल्या रक्तात आहे. त्यामुळे न दुखवता वाजवायचं शास्त्र असू शकतं, हे पचवायला मला डब्लिनच्या हवेतसुद्धा वेळ लागला.

ते शास्त्र ऐकायला मी नातीच्या तासाला कोपऱ्यात बसू लागलो. बाई म्हणाल्या, बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून कंडरा निघतात आणि बोटांना ओढतात. अशा नऊ कंडरा आणि एक मोठी नस मनगटातल्या एका अरुंद वाटेने जातात. मनगट फार वाकवलं की त्या वाटेवर दाटी होते, आणि मग मुंग्या येणं, बधिर होणं, रात्री हात झटकत उठणं हे सुरू होतं. तेव्हा मनगट शक्य तेवढं सरळ. अंगठा वर, बोटं खाली. आणि तार छेडली की बोट हवेत उडवायचं नाही, तिथेच ताठ ठेवायचं नाही, तर सरळ तळहाताकडे मिटू द्यायचं. मूठ आवळायची नाही. मिटायचं आणि सोडून द्यायचं.

हे ‘सोडून द्यायचं’ सगळ्यात कठीण निघालं. छेडणं नातीला चार दिवसांत जमलं. सोडणं अजून जमतं आहे. तार वाजून गेलेली असते, स्वर खोलीत फिरून खिडकीबाहेर गेलेला असतो, तरी बोटाची पकड चालूच. बाई मधूनच तिच्या हाताखाली आपली दोन बोटं घालून हात किंचित उचलून बघतात. हात जड लागला तर ठीक, म्हणजे तो सैल आहे. आपोआप वर आला तर नात स्वतःच उचलते आहे, म्हणजे सैल नाही. एकदा त्यांनी माझाही हात असा उचलून बघितला. तो इतक्या तत्परतेने वर गेला की त्यांनी हसू दाबलं. वरिष्ठांनी हात लावण्याआधीच उठून उभं राहायचं, हे अडतीस वर्षांच्या नोकरीत हाताच्याही अंगवळणी पडलेलं असतं.

दुखण्याचा उगम हातात शोधायचा नाही, हा बाईंचा दुसरा सिद्धान्त. त्या आधी स्टूल बघतात. स्टूल बुटकं असलं की वरच्या तारांपर्यंत पोचायला खांदे चढतात. खांदे चढले की मान आखडते, मान आखडली की हात थकतात. उंच असलं की पाठ वाकते. हार्प मागे झुकवून उजव्या खांद्यावर टेकवायची असते, पण तिचा भार खांद्याने घ्यायचा नाही. एका ठरावीक कोनात ती स्वतःच्या तोलावर उभी राहते, खांद्याने नुसतं सोबत असावं. मग जबडा. नात अवघड जागा आली की जीभ बाहेर काढून ती दातांत धरते आणि श्वास थांबवते. बाई वाजवणं थांबवून विचारतात, ‘‘या ओळीत जिभेला कुठला स्वर आहे?’’ मला हे आवडलं. आमच्या तबल्याच्या गुरुजींनी असा प्रश्न विचारला असता तर वर्गातले निम्मे विद्यार्थी तोंडाने वाजवतात हे तेव्हाच उघड झालं असतं.

मी हळूहळू पटवून घेऊ लागलो होतो, तेवढ्यात कळलं की कोपराच्या बाबतीत खुद्द हार्पवाल्यांतच एकवाक्यता नाही. पॅरिसच्या काँझर्वेटॉरमध्ये आल्फाँस हासलमान्स नावाचे मोठे गुरू होते. हेन्रिएट रनिए आणि कार्लोस साल्झेडो हे दोघेही त्यांचेच शिष्य. रनिएबाईंच्या आणि पुढे त्यांचे शिष्य मार्सेल ग्रांजानी यांच्या पद्धतीत उजवं मनगट साउंडबोर्डच्या कडेला हलकेच टेकतं. साल्झेडो अमेरिकेत गेले आणि म्हणाले, टेकायचं नाही. कोपर वर, हात जमिनीला समांतर, आणि वाजवून झालं की हात डौलाने उचलायचा. गुरू एक, वाद्य एक, आणि शिष्यांच्या दोन परंपरा, त्याही कोपरावरून! हे ऐकल्यावर मला प्रथमच त्या खोलीत घरच्यासारखं वाटलं. इथे घराणी होती. टेकवणारे आणि न टेकवणारे एकमेकांच्या मैफलीला जात असतील का, आणि गेले तर बाहेर येऊन ‘हात चांगला आहे, पण कोपर आमच्याकडे असं नसतं’ म्हणत असतील का, हे मी बाईंना विचारलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. म्हणजे म्हणतात.

दोन्ही बाजूंचं म्हणणं असं की आपल्या पद्धतीने हात दुखत नाही. बाईंचं स्वतःचं मत विचाराल तर कोपर कुठेही असो, ते गोठलेलं नसावं. माझं मत, मला कुणी विचारलं नाही तरी, बाईंच्या बाजूचं आहे. वाद जुना झाला की त्यात पक्ष घेण्यापेक्षा सांधे हलते ठेवणं बरं.

तिकडे जुन्या आयरिश हार्पवाल्यांनी असल्या चर्चांत वेळ घालवलेला दिसत नाही. त्यांच्या हार्पला धातूच्या तारा असत आणि ते त्या वाढवलेल्या नखांनी छेडत. ही परंपरा बुडत चालली तेव्हा १७९२ साली बेलफास्टला उरल्यासुरल्या हार्पवाल्यांना जमवण्यात आलं. जेमतेम अकरा जण आले, त्यांतले दहा आयरिश, एक वेल्सचा, आणि कितीतरी अंध. एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्या चाली उतरवून घ्यायला बसला होता. जमलेल्यांत डेनिस हेम्पसन नावाचे आजोबा होते. वय नव्वदीच्या पुढे, आणि त्या सगळ्यांत लांब नखांनी जुन्या पद्धतीने वाजवणारे ते एकटेच. पुढे त्यांनी शंभरीही ओलांडली म्हणतात. बंटिंगने त्यांच्या चाली लिहून घेतल्या, त्यांची तऱ्हा लिहून घेतली. या वयात हात कसा राहिला, स्टूल केवढं होतं, दिवसाला किती वाजवता, हे विचारायला हवं होतं. एकोणिसाव्या वर्षी असले प्रश्न कुणाला सुचत नाहीत. मी असतो तर तेलाचंही विचारलं असतं.

तेलाचा विषय आमच्या हिचा. नातीच्या अंगठ्याच्या मुळाशी जरा दुखतंय म्हटल्याबरोबर आमची ही बॅगेतून तिळाचं तेल, आंबेहळद आणि शेकायची पुरचुंडी काढून हजर झाली. डब्लिनला येताना माझे दोन स्वेटर बाहेर निघाले होते ते या पुरचुंडीच्या जागेसाठी, हे मला तेव्हा कळलं. लेकीने हात जोडून सांगितलं की तारांना तेल चालत नाही. हळदीचं तर नावच नको. पांढऱ्या तारा पिवळ्या झाल्या तर ‘सी’ लाल, ‘एफ’ निळा आणि उरलेले सगळे सत्यनारायणाचे, अशी नवीनच पद्धत सुरू होईल. आमची ही म्हणाली, ‘‘मग वाजवू नकोस म्हणावं दोन दिवस.’’ आणि इथे गंमत झाली. बाईंचं मत नेमकं हेच होतं. मी चरित्रं आणि चिल्ले घेऊन एका बाजूला, आणि आयर्लंडच्या हार्पबाई व मिरजेची आजी दोघी दुसऱ्या बाजूला. यांची भेट करून द्यायची नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

अंगठा मात्र हार्पने दुखत नव्हता. बाईंनी एकच प्रश्न विचारला, दिवसभरात हे हात आणखी काय काय करतात? मग यादी निघाली. शाळेचं लिहिणं, चित्रकला, आणि पांघरुणात लपून मैत्रिणींशी मोबाइलवर दोन अंगठ्यांनी चालणारा पत्रव्यवहार. हातांना हार्पचा तास आणि मोबाइलचा तास अशी वेगळी खाती नसतात, सगळा जमाखर्च एकाच वहीत, असं बाई म्हणाल्या, निदान मी त्याचा असा अर्थ लावला. वाजवणं वीस मिनिटं आणि टाइपिंग दोन तास, पण तक्रार आली की बदनाम हार्प. हे तर मी कोषागारात रोज बघितलं आहे. गडबड एका खात्याची आणि स्पष्टीकरण दुसऱ्याने द्यायचं.

कारकुनांच्या हातांची दखल मात्र फार आधी घेतली गेली आहे, हे मी इथे अभिमानाने नमूद करतो. इटलीतल्या मोदेनाच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० साली कामकरी लोकांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांचंही प्रकरण आहे. सतत बसून राहणं, तोच तो हात न थांबता चालवणं आणि आकडा चुकू नये म्हणून मनाला लागलेला घोर, ही त्यांच्या दुखण्याची कारणं त्याने दिली आहेत. तिसरं कारण वाचून मी चष्मा पुसला. तीनशे वर्षांपूर्वी, शिक्का न मारता, आम्हाला कुणीतरी ओळखलं होतं.

तरी माझा शेवटचा हुकमी एक्का शिल्लक होता, रॉबर्ट शुमान. पियानोवादक व्हायला निघालेला हा तरुण १८३० नंतरच्या काही वर्षांत उजव्या हाताचं बोट घालवून बसला. कारण काय, यावर डॉक्टर मंडळी आजही भांडतात. बोट बळकट करायला त्याने एक उपकरण वापरलं होतं, त्याने घात केला असं काही जणांचं म्हणणं. वादनाची वाट बंद झाली आणि तो रचनाकार झाला, केवढा मोठा झाला. हे मी जेवताना सांगितलं. अतिकष्टांचं फळ काय मिळालं बघा, असं मला म्हणायचं होतं, की अतिकष्ट करू नका असं, हे बोलता बोलता माझंच ठरेना. आमची ही भात वाढत म्हणाली, ‘‘म्हणजे बोट गेलं ते बरंच झालं म्हणायचं.’’ त्यानंतर शुमानचा विषय निघालेला नाही.

जेवणावरून आठवलं. हार्पवाल्यांचा एक नियम असा आहे की भांडी घासल्यावर किंवा आंघोळीनंतर लगेच वाजवायला बसू नये. पाण्याने बोटांच्या टोकांची कातडी मऊ पडते, महिनोन् महिने कमावलेले घट्टे सैल होतात, आणि त्या बोटांनी तार छेडली की फोड येतात. थंड हातांनीही वाजवू नये, आधी ऊब द्यावी, पण ती कोरडी. हातमोजे, खिसे, चहाचा कप. शास्त्र म्हणून नियम निर्दोष आहे. त्याचा संसारात उपयोग कसा होतो ते बघा. जेवणं झाली की नात म्हणते, मला वाजवायचंय. लेक म्हणते, ती वाजवणार म्हणजे मला तिच्यासोबत बसायला हवं. आमची ही डाव्या हाताचं मनगट दाबत ‘हार्प न शिकताच दुखतंय’ म्हणते. राहिले जावई आणि मी. आयर्लंडच्या या राष्ट्रीय वाद्याने आमच्या घरातल्या दोन पुरुषांचे हात जितके स्वच्छ ठेवले तितके कुठल्याही समाजसुधारकाला ठेवता आले नव्हते.

एवढं सगळं सांभाळल्यावर नातीचा हात खरोखर दुखायचा थांबला. घट्टे आले, फोड गेले, करंगळी बरीचशी सैल झाली, जीभ तोंडात राहते. मिरजेच्या मेहुण्यांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘काहीच दुखत नाही? मग नीट शिकवतायत ना?’’

दुखणं मात्र घर सोडून गेलं नाही. ते जावयांच्या कमरेत गेलं. ही हार्प लहान असली तरी साधारण १५ किलोंची, आणि वजनापेक्षा तिचा आकार अवघड. धरायला जागा नाही, धरली तिथे लिव्हर. तिला घराच्या अरुंद जिन्यावरून खाली आणायची, गाडीच्या डिकीत आडवी घालायची, बाईंकडे उतरवायची आणि तासाभराने परत. हार्पवाले वाजवताना जेवढे जपून असतात तेवढे हलवताना राहत नाहीत, आणि पुष्कळ पाठी तिथेच जातात, हे बाईंनी जावयांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गुडघ्यांत वाका, चाकांची ट्रॉली घ्या. जावई साताऱ्याकडचे. ‘एवढ्याशा वाद्याला ट्रॉली?’ म्हणाले आणि एका हाताने उचलून निघाले. पुढच्या आठवड्यात ते दिवाणखान्यात जमिनीवर सपाट पडून छताकडे बघत होते.

घरात जरा चैतन्यच आलं. तेलाची बाटली अखेर उघडली, पुरचुंडी तव्यावर चढली, आंबेहळद भिजली. मी सतारमेकर गल्लीतली एक जुनी हकिगत सांगायला घेतली आणि प्रथमच ती कुणी शेवटपर्यंत ऐकली, कारण त्यांना उठताच येत नव्हतं.

सोमवारी ते ऑफिसात वाकडे चालत गेले. कुणी विचारलं तर कण्हत एकच शब्द, ‘‘हार्पमुळे.’’ आयरिश माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही, आदराने मान हलवतो. १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा सण आहे. त्या दिवशी ऑफिसात दोन पारंपरिक चाली वाजवाल का, अशी विनंती त्यांच्या साहेबांनी लेखी केली आहे. जावयांनी अजून नाही म्हटलेलं नाही. काल रात्री भांडी घासायला मी एकटाच होतो.